ऑलिव्ह ऑइल खरं कोणतं आणि खान्देशी स्वयंपाकाला तेल कोणतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याच्या मोठ्या दुकानांतच काय, आता तालुक्याच्या किराणा दुकानातही ऑलिव्ह ऑइलची बाटली दिसते. बाटलीसोबत शंकाही घरी येतात. अस्सल आहे का, फोडणीला चालेल का, शेंगदाणा तेल बंद करायचं का? असे प्रश्न मला सतत विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते उघडपणे सांगितलं आहे.

ताई, डॉक्टरांनी ऑलिव्ह ऑइल खायला सांगितलं. दुकानात तीन-चार प्रकार आहेत. नेमकं कोणतं घ्यायचं?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रकार एक्स्ट्रा व्हर्जिन. ऑलिव्हची फळं दळून, फक्त यंत्राच्या जोरावर, रसायन न घालता आणि फार न तापवता काढलेलं हे तेल. माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या निकषानुसार त्यातली मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. शिवाय प्रशिक्षित चवपारख्यांच्या गटाला त्यात एकही दोष सापडता कामा नये आणि फळाचा वास-चव जाणवली पाहिजे. म्हणजे प्रयोगशाळा आणि जीभ, दोन्ही परीक्षा पास व्हाव्या लागतात. त्याखालचा दर्जा व्हर्जिन. त्यात आम्लता २ टक्क्यांपर्यंत चालते.

दुसरा प्रकार, ज्यावर नुसतं 'ऑलिव्ह ऑइल', 'प्युअर' किंवा 'क्लासिक' लिहिलेलं असतं. हे रिफाइंड तेल असतं आणि चवीपुरतं त्यात थोडं व्हर्जिन मिसळलेलं असतं. 'प्युअर' शब्दाने फसू नका. हा दर्जा एक्स्ट्रा व्हर्जिनच्या खालचा आहे.

तिसरा प्रकार पोमेस. तेल काढून झाल्यावर जो चोथा उरतो, त्यातलं राहिलेलं तेल द्रावक वापरून काढतात, रिफाइन करतात आणि थोडं व्हर्जिन घालतात. आपल्याकडे सरकीच्या ढेपेतून उरलेलं तेल काढतात, तसाच हा प्रकार. भारतात 'इंडियन कुकिंगसाठी' म्हणून हेच बरंच विकलं जातं. ते खाण्यालायक असतं, कायदेशीर असतं, पण डॉक्टरांच्या मनात जे तेल असतं ते हे नव्हे. ऑलिव्ह तेलाच्या फायद्यांबद्दल जे गाजलेलं संशोधन आहे, उदाहरणार्थ स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास, तो एक्स्ट्रा व्हर्जिनवर झालेला आहे. पोमेस घेऊन तोच फायदा मिळेल असं धरून चालू नका. घ्यायचंच असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या, छोटी बाटली घ्या. परवडत नसेल तर ऑलिव्हचा हट्ट सोडा. पुढे त्याचे पर्याय सांगितले आहेत.

'एक्स्ट्रा लाइट' लिहिलेल्या तेलात कॅलरी कमी असतात का?

नाही. तिथे 'लाइट' म्हणजे रंगाने आणि चवीने फिकं. कोणत्याही तेलाच्या १ ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात आणि १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२०. ऑलिव्ह असो, शेंगदाणा असो की सरकी. 'कोलेस्टेरॉल फ्री'चंही तसंच. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच म्हणावं, त्यामुळे त्या शिक्क्यासाठी दोन रुपये जास्त मोजू नका.

मेडिकलमध्ये मिळणारी ऑलिव्ह ऑइलची छोटी बाटली भाजीत वापरली तर?

वापरू नका. ती मालिशसाठी असते. खाण्याच्या तेलाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक आणि हिरवा शाकाहारी ठिपका असतो. तो नसेल तर ते तेल पोटात जाण्यासाठी बनवलेलं नाही.

ऑलिव्ह ऑइलमध्ये खरंच एवढी फसवणूक होते का, की नुसती हवा आहे?

होते, पण फसवणुकीचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत.

सगळ्यात भीषण प्रकार १९८१ मध्ये स्पेनमध्ये घडला. कारखान्यांच्या वापरासाठी ॲनिलिन हे रसायन घालून खाण्यास अयोग्य केलेलं रेपसीड (मोहरीच्या कुळातल्या बीचं) तेल ऑलिव्हच्या नावाने फिरत्या विक्रेत्यांनी विकलं. सुमारे २०,००० लोक आजारी पडले, ३०० हून अधिक दगावले. असं विष रोज बाजारात येत नाही, पण सुट्या, लेबल नसलेल्या, स्वस्त तेलाचा धोका काय असतो ते या घटनेने जगाला दाखवलं.

जास्त करून होते ती दर्जाची फसवणूक. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ऑलिव्ह केंद्राने तिथल्या दुकानांतून एक्स्ट्रा व्हर्जिन लिहिलेल्या बाटल्या उचलून तपासल्या. आयात केलेल्या नमुन्यांपैकी ६९ टक्के नमुने चवीच्या निकषावर नापास झाले. याचा अर्थ ६९ टक्के बाटल्यांत दुसरं तेल होतं असा नाही, जसं पुष्कळ जण सांगतात. काही तेलं जुनी होऊन खवट झाली होती, काही खराब फळांची होती, काहींत स्वस्त रिफाइंड ऑलिव्ह मिसळल्याचा संशय होता. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र निष्कर्ष एकच: लेबलवर जो दर्जा लिहिला, त्याचे पैसे घेतले, तो दर्जा आत नव्हता.

आणि टंचाई आली की मोह वाढतो. जगात सर्वांत जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये होतं. २०२२ आणि २०२३ च्या दुष्काळांनी तिथलं पीक कोसळलं आणि भाव विक्रमी झाले. अशा काळात कुणी अर्ध्या किमतीत 'इम्पोर्टेड एक्स्ट्रा व्हर्जिन' देत असेल तर हात आखडता घ्यावा.

तेल फ्रीजमध्ये ठेवलं आणि गोठलं म्हणजे खरं, असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं आहे का?

नाही. ऑलिव्हच्या जातीनुसार, फळाच्या पिकलेपणानुसार तेल कमी-जास्त गोठतं. अस्सल तेल पातळ राहू शकतं आणि भेसळीचं गोठू शकतं. वात पेटवून पाहायची युक्तीही तितकीच निरुपयोगी, कारण कोणतंही खाद्यतेल वातीला जळतं. मिसळलेलं तेल ओळखायला फॅटी ॲसिडचं, स्टेरॉलचं प्रमाण आणि अतिनील प्रकाशाचं शोषण मोजावं लागतं. ते काम प्रयोगशाळेचं. घरी करण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत: बाटली वाचणं आणि तेल चाखणं.

मग बाटलीवर काय वाचायचं?

आधी दर्जाचं पूर्ण नाव. मग तारीख, आणि नुसती पॅकिंगची नाही. फळं कधी तोडली तो हंगाम लिहिला असेल तर उत्तम, कारण तेल टाकीत वर्षभर पडून मग बाटलीत भरलं तरी पॅकिंगची तारीख ताजीच दिसते. ऑलिव्हची तोडणी उत्तर गोलार्धात साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होते. तोडणीपासून दीड वर्षाच्या आत संपेल असंच तेल घ्यावं, असं माझं मत.

नंतर देश. 'पॅक्ड इन इटली' म्हणजे इटलीत पिकलेलं असं नाही. बाहेरून तेल आणून तिथे भरलेलं असू शकतं. बारीक अक्षरांत मूळ देश लिहिलेला असतो, तो शोधा. काही बाटल्यांवर युरोपचा पीडीओ किंवा डीओपी शिक्का असतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला जसं भौगोलिक मानांकन आहे, तशीच ती व्यवस्था. ठरावीक भागातलं फळ, ठरावीक पद्धत. हा शिक्का असलेलं तेल महाग असतं, पण माग काढता येण्यासारखं असतं. शेवटी आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक. हे मूळ छपाईत किंवा नीट चिकटवलेल्या पट्टीवर असायलाच हवं.

बाटली गडद काचेची किंवा पत्र्याचा डबा घ्या. पारदर्शक प्लास्टिकमध्ये, दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेलं तेल फुकट मिळालं तरी मी घेणार नाही.

चाखून कसं ओळखायचं? आम्हाला तर ते कडूच लागतं.

कडू लागणं चांगलंच आहे. जाणकार गट निळ्या काचेच्या पेल्यात, तेलाचा रंग दिसू नये म्हणून, साधारण २८ अंशाला तेल कोमट करून चाखतात. घरी एक लहान वाटी घ्या, अर्धा चमचा तेल तळहाताच्या उबेने कोमट करा, वास घ्या, मग जिभेवर घोळवून गिळा. ताज्या एक्स्ट्रा व्हर्जिनला हिरव्या गवताचा, कच्च्या फळाचा वास येतो, जिभेवर थोडा कडवटपणा येतो आणि गिळल्यावर घशात ठसका लागतो. हा ठसका ओलिओकॅन्थल नावाच्या घटकामुळे लागतो. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा घटक आयबुप्रोफेन या वेदनाशामकासारखं काम करतो. ज्या तेलाला ना वास, ना कडवटपणा, ना ठसका, ते एक्स्ट्रा व्हर्जिन असण्याची शक्यता कमी. आणि जुन्या मेणाचा, ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बरणीच्या तळाशी राहिलेल्या दाण्यांचा वास आला तर तेल खवट झालंय, मग ते कितीही महाग असो.

शेवभाजी, भरीत, गिलक्याची भजी यांना ऑलिव्ह ऑइल चालेल का?

तापवलं तर ऑलिव्हचं विष होतं, ही समजूत चुकीची आहे. चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन १९० ते २१० अंशांपर्यंत धुरकटत नाही आणि आपलं तळण १७० ते १९० अंशांत होतं. त्यातलं ओलेइक आम्ल उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. म्हणजे फोडणी देता येईल. प्रश्न चवीचा आणि पैशांचा आहे. तापवल्यावर ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो वास आणि ते नाजूक घटक पुष्कळसे जातात. शेवभाजीच्या तर्रीला काळ्या मसाल्याचा रंग आणि वास धरून ठेवणारं शेंगदाण्याचं तेलच हवं. भरताला पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, हिरवी मिरची, लसूण, दाणे आणि वरून शेंगदाणा तेलाची फोडणी. तिथे ऑलिव्ह घालून दोन्ही चवी बिघडतात.

ऑलिव्ह वापरायचं तर कच्चं वापरा. आपल्याकडे खिचडीवर कच्चं तेल घेतात, कळण्याच्या भाकरीसोबत ठेच्यावर तेलाची धार सोडतात. तिथे एक चमचा एक्स्ट्रा व्हर्जिन छान लागतं. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीवर, उकडलेल्या मठाच्या उसळीवर, भाजलेल्या भोपळ्यावर. एक छोटी बाटली दोन माणसांना दोन महिने पुरते आणि जे घेतलं ते खऱ्या अर्थाने वापरलं जातं.

भुसावळच्या उन्हाळ्यात तेल लवकर खराब होतं का?

होतं. या प्रश्नाकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. तेल खराब करणाऱ्या गोष्टी तीन: उष्णता, उजेड आणि हवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छताखालच्या गोदामात आणि बंद ट्रकमध्ये त्याहून जास्त. ऑलिव्ह तेल साठवायला १५ ते १८ अंश उत्तम मानतात. म्हणजे स्पेनहून चांगलं निघालेलं तेल आपल्या दुकानात पोहोचेपर्यंत थकलेलं असू शकतं, आणि यात कुणी भेसळ केलेली नसते. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये ऑलिव्ह तेल विकत घेणं टाळा. वातानुकूलित दुकानातून घेता आलं तर घ्या. घरी उघडलेली बाटली उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते. तेल गढूळ होईल, दाणेदार होईल, बाहेर काढल्यावर पुन्हा नितळ होईल. त्याने नुकसान होत नाही.

हाच नियम घरच्या तेलालाही. गॅसशेजारच्या कट्ट्यावर तेलाची पारदर्शक बाटली ठेवायची आपली सवय वाईट आहे. डब्यातून आठवड्यापुरतं तेल स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढा आणि मूळ डबा अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवा. जुन्या तेलात नवं तेल ओतू नका, भांडं आधी धुऊन कोरडं करा. करडई आणि सूर्यफूल ही तेलं शेंगदाणा किंवा ऑलिव्हपेक्षा लवकर खवट होतात. करडईत साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं आणि ते हवेशी चटकन मिसळतं. जवसाचं तेल तर त्याहून हळवं. ते कधीच तापवू नये. तेलापेक्षा जवसाची चटणी करून खाल्लेली मला जास्त पटते.

शेंगदाणा तेलात भेसळ आहे हे कसं कळणार? आमच्याकडे तेच जास्त लागतं.

हा प्रश्न ऑलिव्हच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, कारण ऑलिव्ह आपण चमच्याने खातो आणि शेंगदाणा तेल डब्याने. फल्ली तेलात पाम किंवा सरकी मिसळलं तर घरी डोळ्यांनी, वासाने खात्रीने कळत नाही. प्रयोगशाळेत बेलियर चाचणी असते. शुद्ध शेंगदाणा तेलाचं विशिष्ट मिश्रण ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान गढुळायला हवं. सरकीसाठी हाल्फेन चाचणी, तिळासाठी बाउदूँ चाचणी. हे घरी करता येत नाही.

घरी करता येतो तो हिशोब. लाकडी घाण्यावर १ किलो तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. समजा, चांगल्या दाण्याचा भाव १३० रुपये किलो आहे. अडीच किलोचे झाले ३२५. उरलेली दीड किलोच्या आसपास ढेप ४५ रुपयांनी विकली तर ६५-६८ रुपये परत येतात. म्हणजे तेलाची नुसती कच्च्या मालाची किंमत २५५ ते २६० रुपये. त्यावर मजुरी, वीज, घट, डबा आणि दुकानदाराचा नफा. आता कुणी 'शंभर टक्के घाण्याचं' तेल १८० रुपये किलोने देत असेल तर ते कसं परवडतं, हे त्यालाच विचारा. मोठ्या मिलमध्ये यंत्र जास्त तेल काढतं, फुटके-हलके दाणे स्वस्तात मिळतात, त्यामुळे फिल्टर आणि रिफाइंडचा भाव काहीसा खाली येऊ शकतो. पण दाण्याच्या भावाशी त्याचं नातं तुटत नाही. त्या दिवसाचा बाजार समितीतला दाण्याचा भाव बघा आणि तेलाच्या दुकानात जा. माझ्या मते ग्राहकाच्या हातातली सगळ्यात धारदार चाचणी हीच आहे. ऑलिव्हलाही ती लागू आहे. एका लिटर एक्स्ट्रा व्हर्जिनला साधारण ५ किलो किंवा त्याहून जास्त फळं लागतात.

घाण्याचं, फिल्टर की रिफाइंड?

घाण्याच्या तेलात वास, चव, ई जीवनसत्त्व जास्त टिकतं. पण दाणे बुरशी लागलेले असतील तर अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विषही तेलात उतरतं. रिफाइन करताना ते बहुतेक निघून जातं, घाण्यावर निघत नाही. म्हणून 'घाण्याचं म्हणजे आपोआप शुद्ध' असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पुष्कळ गावांत अजून घाणे चालतात. शक्य असेल तर स्वतः दाणे घेऊन जा. काळे, सुरकुतलेले, हिरवट बुरशीचे दाणे निवडून टाका, समोर तेल काढून घ्या आणि तीन-चार दिवस निवळू द्या. भाजीला, ठेच्याला, खिचडीला हे तेल अप्रतिम लागतं. कढईभर तळणाला मात्र फेस येतो, लवकर धुरकटतं. तळणासाठी रिफाइंड शेंगदाणा किंवा तांदळाच्या कोंड्याचं तेल ठेवा. दोन डबे ठेवणं थोडं कटकटीचं आहे, तरी मी तेच सुचवेन.

धुळ्याच्या थंडीत आमचं तेल गढूळ झालं. भेसळ असेल का?

बहुतेक वेळा नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा शेंगदाणा तेल गढुळणं अगदी साहजिक आहे. उन्हात ठेवलं की नितळ होतं. सुखद २०-२२ अंशांतही तळाशी घट्ट पांढरा थर बसत असेल तर मात्र पाम मिसळल्याची शंका घ्यायला जागा आहे.

सरकीचं तेल खावं का? आपल्याकडे कपाशी एवढी आहे.

रिफाइंड असेल तर खायला हरकत नाही. कच्च्या सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते रिफाइन केल्यावर निघतं. त्यामुळे सरकीचं 'कच्चं, घाण्याचं' तेल कधीच घेऊ नका. चव सौम्य असल्याने फरसाणवाल्यांना ते आवडतं.

वरण-बट्टीवर साजूक तूप घ्यायचं की नाही? साजूक तुपात वनस्पती तुपाची भेसळ कशी ओळखतात?

बट्टी तुपाशिवाय मी सुचवूच शकत नाही, आणि खापरावरच्या पुरणपोळीलाही नाही. तुपात निम्म्याहून जास्त संपृक्त चरबी असते, म्हणून रोज ओतू नये, पण महिन्यातून चार वेळा बट्टीवर दोन चमचे तूप घेतल्याने आभाळ कोसळत नाही. ते तूप खरं असावं, एवढंच.

वनस्पतीची गोष्ट तर खान्देशाशीच जोडलेली आहे. १९४५ मध्ये मोहम्मद प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. वनस्पती आणि खाद्यतेल बनवणारी हीच कंपनी पुढे विप्रो झाली. वनस्पती म्हणजे तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेली चरबी. त्यात ट्रान्स फॅट तयार होतं आणि हृदयाला ते सर्वांत वाईट. भारतात खाद्यतेल-चरबीत ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे, त्यामुळे आजचा वनस्पती पूर्वीपेक्षा बरा. तरी घरात तो आणायचं कारण मला दिसत नाही.

ओळखण्याची युक्ती सरकारनेच आधी करून ठेवली होती. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती कित्येक दशकं होती, कारण तिळाचं तेल बाउदूँ चाचणीत लाल रंग देतं. तुपात वनस्पती मिसळलं की तीळ चुगली करतो. या चाचणीला तीव्र आम्ल लागतं, म्हणून ती स्वयंपाकघरात करू नका.

मोहरीच्या तेलाबद्दल? आमच्या रेल्वे कॉलनीत उत्तरेकडची पुष्कळ घरं आहेत.

बंद पॅकिंगचं घ्या, सुटं नको. पडीक रानात उगवणारा पिवळा धोत्रा तुम्ही पाहिला असेल. त्याचं बी मोहरीसारखंच दिसतं आणि ते तेलात गेलं की अंगावर सूज येते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत याच कारणाने मोठी साथ आली आणि माणसं दगावली.

लेबलवर ऑलिव्हचं चित्र आहे, किंमत कमी आहे. घ्यावं का?

मागची बाजू वाचा. मिश्र तेल असेल तर कोणतं तेल किती टक्के हे लिहिणं बंधनकारक आहे, आणि मिसळलेल्या तेलाचं प्रमाण किमान २० टक्के असावं लागतं. समोर ऑलिव्ह आणि मागे ८० टक्के दुसरं रिफाइंड तेल असं आढळलं तर ते त्या दुसऱ्या तेलाच्या भावात घ्यायची वस्तू आहे.

तळलेलं तेल पुन्हा वापरावं का?

घरी एकदा गाळून फोडणीला, दोन-चार दिवसांत संपवा. काळपट, चिकट, फेसाळ झालं तर टाकून द्या. हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातले एकूण पोलर घटक (पुन्हा पुन्हा तापवून तेल बिघडताना तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही. कढईतलं काळं तेल दिसणाऱ्या गाडीवर भजी खाऊ नका. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याला प्रेमाने सांगा.

शेवटी किती तेल खावं? १५ किलोचा डबा किती दिवस पुरायला हवा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरीच्या आहाराला दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांचं महिन्याला सव्वातीन किलो. म्हणजे १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. तुमचा डबा दोन महिन्यांत संपत असेल तर तेलाचं नाव बदलण्याआधी पळी बदला.

डबा घेताना १५ किलो आहे की १५ लिटर ते पाहा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १५ लिटरमध्ये साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच तेल येतं. दोन दुकानांच्या भावाची तुलना करताना याने मोठा फरक पडतो.

खान्देशात ऑलिव्ह पिकेल का?

झाडाला लांब, थंड हिवाळा लागतो, तो आपल्याकडे फार थोडे दिवस असतो. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने लागवड झाली आणि बिकानेरजवळ लूणकरणसरला तेल काढण्याचा कारखानाही उभा राहिला. आपल्या भुईमूग-तिळाच्या रानात ऑलिव्ह लावा, असं मी कुणाला सांगणार नाही.

भेसळीची शंका आली तर काय करायचं?

बिल घ्या आणि बाटली-डबा फेकू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. एफएसएसएआयचा १८००११२१०० आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हे क्रमांकही आहेत. सुटं खाद्यतेल विकायला, राज्य सरकारने सूट दिलेली नसेल तर, मुळातच मनाई आहे. म्हणून सुट्या तेलाची तक्रारही करता येते.

अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हा माल तपासणीला देणार आहे. नमुना नियमात बसत नसल्याचं निघालं तर भरलेली फी परत मिळते.